शब्द गेले, सूर उरला

आमच्या आत्याबाईंच्या उजव्या अंगावरून वारे गेले, त्या वर्षीची दिवाळी मी विसरू शकत नाही. वाचा पार बसली होती. घरातली माणसे त्यांच्यादेखत म्हणू लागली होती, “आता काही कळत नाही त्यांना.” नरकचतुर्दशीच्या पहाटे आई त्यांना उटणे लावता लावता भूपाळी म्हणू लागली, आणि काय आश्चर्य! आत्याबाई तिच्याबरोबर गाऊ लागल्या, तेही शब्दांसकट! आईच्या हातातली वाटी हातातच राहिली.

आम्ही ती देवाची करणी मानली. पुढे वाचनात आले की, हे नवल फार जुने आहे. स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी १७४५ साली अशाच एका माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याला बोलता येत नसे, परंतु प्रार्थनागीते मात्र तो म्हणू शके.

या कोड्याची पहिली गाठ पॅरिसमध्ये सुटली. १८६१ साली पॉल ब्रोका यांच्याकडे आलेला एक रोगी ‘तां’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलू शकत नव्हता. तो वारल्यावर पाहिले, तो मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला इजा झालेली. असे आणखी रोगी पाहून १८६५ साली ब्रोकांनी सांगितले की, आपण बोलतो ते डाव्या मेंदूने. हाच डावा मेंदू उजवे अंगही चालवतो. आत्याबाईंचा हात आणि वाचा दोन्ही एकदमच का गेली, ते मला तेव्हा उमगले.

मग सुराचे काय? मॉन्ट्रियलमध्ये डोरीन किमुरा यांनी लोकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी निरनिराळे आकडे ऐकवले. १९६१ साली त्यांनी दाखवून दिले की, उजव्या कानातले आकडे अधिक नीट ओळखता येतात. कारण त्या कानाची मुख्य वाट डाव्या मेंदूकडे जाते. १९६४ साली त्यांनी सुरावटी ऐकवल्या, तेव्हा सरशी डाव्या कानाची झाली! अर्थात दोन्ही घरांमध्ये भिंत नाही. येणे-जाणे सतत चालू असते. शब्दांचे माप डावीकडे झुकते, सुरावटीचे उजवीकडे, इतकेच.

मला सर्वांत चटका लावून गेली ती रशियन संगीतकार व्हिसारियन शेबालिन यांची कथा. १९५३ व १९५९ साली त्यांच्या मेंदूवर दोन आघात झाले. बोलणे खुंटले, दुसऱ्याचे बोलणे समजेनासे झाले. परंतु संगीतरचना थांबली नाही. १९६२ साली त्यांनी आपली पाचवी सिंफनी लिहिली आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

आत्याबाई अखेरपर्यंत बोलल्या नाहीत. परंतु त्या पहाटेनंतर आमच्या घरात ‘त्यांना कळत नाही’ असे कोणी म्हटले नाही. दर संध्याकाळी दिवा लागला की आई त्यांच्याशेजारी बसून सूर धरी. माणूस एका दाराने बोलेनासा झाला, म्हणजे घर रिकामे झाले असे नव्हे. वाचकहो, दुसरे दार ठोठावून पाहावे.