मानसशास्त्र घेऊन बीए करायचंय? आधी एवढं माहीत असू द्या

बारावीनंतर बीएला मानसशास्त्र घेतो म्हटलं की घरचे विचारतात, "वेड्यांचा डॉक्टर होणार का?" आणि मित्र म्हणतात, "मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ही दोन्ही उत्तरं नाहीत.

मग असतं काय? माणूस लक्ष कसं देतो, शिकतो कसा, विसरतो का, राग आला की शरीरात काय होतं, हे सगळं. पूर्वी हा तत्त्वज्ञानाचा भाग होता. १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून तो प्रयोगाचा विषय झाला असं मानतात.

रशियाच्या पाव्हलॉव यांचा कुत्र्यांवरचा प्रयोग पहिल्याच वर्षी भेटतो. खाणं देण्याआधी दरवेळी ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. पुस्तकात याला अभिजात अभिसंधान असं जड नाव आहे. नावाला घाबरू नका. धारेच्या बादलीचा आवाज आला की म्हैस पान्हवते, तोच हा प्रकार.

स्मरणाचा धडा तर अभ्यासालाच उपयोगी. एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती टिकतं ते मोजायचं. १८८५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. विसरणं सगळ्यात जास्त पहिल्या तासाभरात होतं, नंतर वेग कमी होतो. म्हणून सकाळी वर्गात झालेलं त्याच दिवशी एकदा चाळलं, तर परीक्षेआधीच्या रात्री जागण्यापेक्षा जास्त फायदा होतो.

बरीच पोरं अडतात ती आकडेमोडीत. सरासरी, मध्यक, बहुलक हे इथेही असतं. गणित सुटलं म्हणून कला शाखेला आलेल्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. अवघड नाही, पण टाळता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. नुसत्या बीएवर कुणाच्या मानसिक आजारावर उपचार करता येत नाहीत. औषध देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे आधी एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. म्हणजे बीएनंतरही काही वर्षांचा खर्च आहे. तो हिशेब घरी आधीच मांडा. तीन वर्षांनी कळलं तर आई-वडिलांना तोंड दाखवणं जड जातं.

पहिल्या वर्षाला एक खोड हमखास लागते. काकाला डिप्रेशन, वहिनीला अमुक, अशी लेबलं घरच्यांना चिकटवायची. ते करू नका. घरात खरंच कुणी महिनोन्‌महिने झोपत नसेल, जेवत नसेल, जीव नकोसा झाला म्हणत असेल, तर पुस्तक मिटा आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कॉलेजात थेट विचारा, तिसऱ्या वर्षापर्यंत मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून आहे का? प्रात्यक्षिकं होतात का, शिकवायला त्याच विषयाचे प्राध्यापक आहेत का? काही ठिकाणी हा विषय फक्त सुरुवातीच्या वर्षांपुरता असतो, मग पुढे विषय तरी बदलावा लागतो नाहीतर कॉलेज.