मालवणी मुलखातील सामायिक घर : चूल, खळे आणि वाटा

डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात नात्याखेरीज चार खुणा सांगितल्या आहेत : एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता आणि सामायिक देवपूजा. ही व्याख्या अभ्यासकांनी पुष्कळ वापरली आहे, आणि ती सोयीचीही आहे. परंतु मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांना ती लावू गेल्यास दुसऱ्या खुणेपाशी अडखळावयास होते. छप्पर एक, विहीर एक, तुळस एक, गणपती एक. चुली मात्र तीन, चार, क्वचित पाच. अशा घराला एकत्र म्हणावे की विभक्त? शिरगणतीच्या लेखी एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. म्हणून तेथे एका घराची चार कुटुंबे होतात. उलट, मिताक्षरा पंथाच्या हिंदु विधीनुसार केवळ अन्न वेगळे शिजू लागले म्हणून वाटणी झाली असे मानता येत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे आहेत. ज्यांचे ते घर आहे ती माणसे त्याविषयी कसे बोलतात, हे पाहणे मला अधिक फलदायी वाटते.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा येत नाही, ‘आपण’मध्ये तो येतो. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ, तेलुगु व मलयाळम् या भाषांतही आहे. हिंदीत तो व्याकरणाने पाळला जात नाही. मालवणीत तो काटेकोर आहे. एकाच घरातील दोन जावा बोलत असता खळ्याचा उल्लेख ‘आपलां खळां’ असा होतो, आणि त्याच दमात चुलीचा उल्लेख ‘आमची चूल’ असा. त्याच बाईला वाटसरूने विचारले, तर खळेही ‘आमचां’ होते. म्हणजे घराचा कोणता भाग कोणाबरोबर वाटून घेतलेला आहे, याचा नकाशा त्या सर्वनामांतच काढलेला असतो. लहानपणापासून हे कानांवर असूनही त्यातील व्यवस्था ध्यानात येण्यास मला भाषाशास्त्राचे अध्ययन करावे लागले, ही गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे.

‘खळे’ हा शब्द संस्कृत ‘खल’ पासून आला; मूळ अर्थ धान्य मळण्याची जागा. किनाऱ्यावर त्याचा अर्थ घरापुढील सारवलेले अंगण असा झाला. भात झोडणे, सोले वाळविणे, लग्नाचा मांडव घालणे, उकाड्याच्या रात्री निजणे, हे सर्व तेथे होई. पावसाळ्यात खळे वाहून जाते, उकलते, त्यावर गवत माजते. पाऊस सरल्यावर माती घालून, चोपून, शेणाने सारवून ते पुन्हा करावे लागते. हे काम एका चुलीचे नव्हे. ज्या चुलींची माणसे त्यावर पाय ठेवणार, त्या सर्वांचे हात लागले पाहिजेत. भांडण असले तरी खळे होईपर्यंत ते थांबे, असे जुनी माणसे सांगत. त्यांच्या सांगण्यात आठवणीचा गोडवा मिसळलेला असणार, हे उघड आहे. पण खळे मोडले की भांडण किती विकोपास गेले ते गावाला कळे, एवढे मीही पाहिले आहे.

दुसरा शब्द ‘वाटा’. संस्कृत ‘वण्ट्’ धातूचा अनुनासिक मालवणीने राखला आहे : ‘वांटो’. प्रमाण मराठीत तो उच्चारातून गेला; लेखनातील अनुस्वारही १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेला. या मुलखात वांटो म्हणजे केवळ मालमत्तेचा तुकडा नव्हे. रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढले की मासळीचे वाटे होतात : ओढणाऱ्यांचे, आणि होडीचे व जाळ्याचेही. ओढावयास आला तो वाटेकरी. वाटा कष्टाला बांधलेला आहे. घरातील वाटा मात्र जन्माने मिळतो आणि जन्मभर न येणाऱ्यासही राहतो. एकाच शब्दाखाली दोन भिन्न तत्त्वे नांदत होती, आणि घरे गजबजलेली होती तोपर्यंत त्यांतील अंतर कोणाला जाणवले नाही.

चुली वेगळ्या का झाल्या, याचे उत्तर मी मुंबईत शोधतो. गिरण्यांच्या काळात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला) पुरुषमाणसे मुंबईस गेली आणि घरी मनीऑर्डरी येऊ लागल्या. एका भावाची गिरणीतील मजुरी, दुसऱ्याची गोदीतील, तिसरा घरीच शेती पाहणारा. या तिघांचा पैसा एका चुलीत घातला तर दर महिन्यास हिशेब निघणार. चूल वेगळी केली की हिशेब मिटला. छप्पर मात्र वेगळे करण्याचे कारण नव्हते. जांभ्याची भिंत महाग, सपाट जागा थोडी, भाताची खाचरे मोडवत नाहीत. म्हणून नव्या सुनेसाठी पडवी लांबवून तिच्या टोकाला चूल मांडीत. शिवाय पुरुष परगावी असता म्हातारी व मुले यांना एका छपराखाली सोबत होती. माझ्या मते, वेगळी चूल ही या घराच्या फुटीची पहिली पायरी नव्हती. घर टिकविण्याचा तो उपाय होता.

हीच माणसे मुंबईत कशी राहत, हे तुलनेसाठी पाहण्याजोगे आहे. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, पाळ्यांप्रमाणे निजणे, प्रत्येकाची पेटी वेगळी, जेवण खानावळीत. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली. शेजारच्या गोव्यातील ख्रिस्ती खलाशी व नोकरदार यांचे ‘कूड’ धोबीतलाव-माझगाव भागात होते. तेथेही गावानुसार सभासदत्व, सामायिक प्रार्थना आणि आपापली पेटी. कुडांना नियम होते, वर्गणी होती, आणि ती न भरणाऱ्याचे काय करावयाचे तेही ठरलेले होते. गावच्या घराला यांतील काहीच नव्हते. त्याला लागलेही नाही.

आणि नात्याबाहेरचे सहवसन या किनाऱ्याला अपरिचित होते असेही नाही. आचरा, चिंदर, वायंगणी या मालवण तालुक्यातील गावांत दर काही वर्षांनी देवाच्या कौलाने गावपळण होते. माणसे, गुरे, कोंबड्या यांसह सारा गाव वेशीबाहेर जातो व तीन दिवस झोपड्या घालून राहतो. धर्मविधी म्हणून तिचा विचार झाला आहे. पण ज्यांची घरे एरवी माडांच्या आड दूरदूर असतात, ती माणसे तेव्हा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येतात, आणि सारे माळरान एक खळे होते.

युरोपात हा विचार उलट्या दिशेने आला. डेन्मार्कमध्ये यान गुडमंड-होयर या वास्तुविशारदाने १९६४ पासून मित्रांसह अशा वसाहतीचा प्रयत्न केला, तो शेजाऱ्यांच्या विरोधामुळे फसला. १९६७ मध्ये बोदिल ग्रो यांनी मुलांना शंभर आईबाप असावेत असे प्रतिपादन करणारा लेख लिहिला. आणि १९७२ मध्ये सेटेडामेन ही वसाहत उभी राहिली. प्रत्येकाचे घर स्वतंत्र, स्वयंपाकघरही स्वतंत्र, आणि मध्ये एक सामायिक घर जेथे सर्वांनी आळीपाळीने रांधून एकत्र जेवावे. मॅकॅमंट व ड्युरेट यांच्या १९८८ च्या पुस्तकानंतर ‘कोहाउसिंग’ हे त्याचे इंग्रजी नाव रूढ झाले. विभक्त चुलींचे एक खळे, असे त्याचे मालवणी भाषांतर करावयास हरकत नाही. भेद एवढाच की तेथील माणसे एकमेकांना निवडून येतात आणि काय सामायिक ते आधी लिहून काढतात.

हा भेद आज आमच्याकडे छपरातून गळत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. सात-बारावरील नावे मात्र वाढतच जातात. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमातील तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींना प्रतिबंध होता. तो २००५ च्या दुरुस्तीने गेला, आणि ते न्याय्यच झाले. पण आजोबांच्या तीन चुलींच्या घरास आता वीस-पंचवीस संमती लागतात. जाणकार भाऊबंद आपापल्या चुलीवरचे छप्पर शाकारून घेतात. मधल्या पडवीवर, जी कोणाचीच ‘आमची’ नाही, कौले कोणी बदलावयाची?

आमच्या घरी असेच झाले. गावी राहणाऱ्या चुलतभावाने मधला वासा बदलण्यासाठी सर्वांच्या सह्या मागितल्या. कागद माझ्याकडे आला तेव्हा परीक्षांचे दिवस होते. मग सुटी आली, मग दुसरे सत्र. दोन पावसाळे तो माझ्या टेबलाच्या खणात राहिला. तिसऱ्या पावसाळ्यात पडवी बसली. चुलतभाऊ मला काही बोलला नाही. त्यानंतर वाटणीपत्र करावयाचे ठरले. मसुद्यात खोल्या, माड, मळ्यातील खाचरे यांचे वाटे पाडले असून, विहीर व जाण्यायेण्याची वाट सामायिक ठेवली आहे. खळ्याचा उल्लेख कोठेच नव्हता. मी फोनवर विचारले, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘ता तुमी सांगा, लिवूचा कसा.’’ मसुदा अद्याप माझ्याकडेच आहे.