ओंजळ, चमचा आणि बाटली : वाढदिवसाच्या ‘पौष्टिक’ भेटीचा इतिहास

(नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा दुकानदारीचा विषय आहे, यात इतिहास कुठून आला? मुंबईतला मुलगा आईच्या वाढदिवसाला कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली पाठवतो. आखातातला भाऊ सुट्टीवर येताना वडिलांसाठी मल्टीव्हिटॅमिनचा डबा आणतो. साखरीनाट्यात काय, राजापुरात काय, ही आता नेहमीची गोष्ट झालीय. पण माणसाला त्याच्या जन्मदिवशी ‘शक्तीचं’ काहीतरी द्यावं, ही कल्पना फार जुनी आहे. बदलली ती देण्याची रीत. त्या बदलात आपल्या हातून काय सुटलं, हे आज बघू.

सुरुवात वाढदिवसापासूनच करू. आपल्याकडे जुन्या माणसांचे वाढदिवस कधी असतात? एक जूनला! अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसायची, मग गुरुजी सोयीची तारीख लिहायचे. म्हणजे तारखेचा वाढदिवस हा शाळेच्या दाखल्याने आणलेला. पण तिथीने वाढदिवस पाळण्याची रीत ज्या घरांत होती, तिथे त्याचा एक विधीच होता. त्याला ‘वर्धापन’ म्हणत. आज संस्था आणि वर्तमानपत्रं वर्धापनदिन साजरे करतात, तो शब्द मुळात माणसाच्या वाढदिवसाचा.

काशीनाथ उपाध्याय यांनी १७९०च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त हा विधी सापडतो. हे काशीनाथ उपाध्याय पंढरपूरचे म्हणून प्रसिद्ध, पण त्यांचं घराणं मूळचं आपल्याच जिल्ह्यातलं, संगमेश्वराकडच्या गोळवलीचं. विधीत अश्वत्थामा, बळी, व्यास, मारुती, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांची पूजा आहे, मार्कंडेयाचं स्मरण आहे. आणि शेवटी एक पेय आहे : दुधात तीळ आणि गूळ घालून ते आयुष्य वाढावं म्हणून प्यायचं. किती? अर्धी ओंजळ.

ही अर्धी ओंजळ लक्षात ठेवा. तीळ पौष्टिक आहेतच. शंभर ग्रॅम तिळात एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त कॅल्शियम असतं. पण अर्ध्या ओंजळीत तीळ मावणार किती? चिमूटभर. त्याने हाडं मजबूत होतील असं कुणी मानत नव्हतं. ती इच्छा होती, तिला दुधाची चव होती. आणि ती देणाऱ्याच्या समोरच, औक्षणाच्या ताटापाशी प्यायली जायची. उपाय म्हणून कुणी ती दिलीच नव्हती, त्यामुळे तिचा अपाय होण्याचाही प्रश्न नव्हता.

खरं पोषण व्हायचं ते स्वयंपाकघरात. बाळंतिणीला अळीव आणि डिंकाचे लाडू, थंडीत मेथीचे लाडू, तान्ह्या बाळाला नाचणीचं सत्त्व. ही देणी वाढदिवसाची नव्हती, गरजेची होती. लाडू वळणाऱ्या बाईला समोरचं माणूस माहीत असायचं. हिला पित्ताचा त्रास, हिला मेथी सोसत नाही, हे तिला कुणी चिठ्ठीवर लिहून द्यावं लागत नव्हतं.

आता तिसरी परंपरा, वैद्याची. चरकसंहितेत रसायनाच्या पहिल्याच अध्यायात च्यवनप्राश येतो. पाचशे आवळे घ्या, अशी कृती आहे. म्हातारे च्यवन ऋषी याने पुन्हा तरुण झाले, अशी कथा सांगितली जाते. ती सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच ठिकाणी मात्रेविषयी एक सूचना आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. जेवणाच्या आड येणार नाही एवढ्याच प्रमाणात हे घ्यावं, असा तिचा अर्थ. किती शहाणपणाची गोष्ट आहे बघा! पूरक पदार्थ हा जेवणाला पूरक असावा. त्याने भूक मेली, ताटातली भाकरी मागे राहिली, तर तो पूरक उरला नाही.

इथे आपल्या तालुक्याचा संबंध येतो. राजापूरजवळ धोपेश्वरला मृडानी नदीच्या काठी धूतपापेश्वराचं देऊळ आहे, तुम्ही सगळे जाऊन आलेले आहात. या देवाचं नाव घेऊन १८७२ साली पनवेलला पुराणिक वैद्यांच्या घराण्याने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. तो आजही चालू आहे. पुढे १८८४ साली कलकत्त्यात डाबर, १९१० साली मुंबईत झंडू अशा कंपन्या उभ्या राहिल्या. जे औषध वैद्य नाडी बघून, माणूस बघून द्यायचा, ते आता डब्यात भरून दूरच्या गावी जाऊ लागलं. याचा फायदा मोठा झाला. ज्या गावात वैद्य नव्हता, तिथेही औषध पोचलं. पण डबा पोचला तरी त्याच्याबरोबर वैद्य काही येत नव्हता. त्याच्या जागी आला चमचा. ‘सकाळ-संध्याकाळ एक चमचा’, सगळ्यांना सारखाच.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत दुसरी गोष्ट घडत होती. १९१२ साली कासिमिर फुंक या शास्त्रज्ञाने ‘व्हिटॅमिन’ला जन्म देणारा शब्द वापरला. १९१३ साली लोणी आणि अंड्याच्या बलकातला एक घटक सापडला, तो पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. कॉड माशाच्या यकृताचं तेल मुडदूस झालेल्या मुलांना आधीपासून देत असत. ते का लागू पडतं, याचं उत्तर १९२२ साली ‘ड’ जीवनसत्त्वात मिळालं. हे तेल नॉर्वेसारख्या देशांतून जगभर जात असे, हिंदुस्थानातही येत असे.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर स्वारी केली आणि तो पुरवठा आटला. तेव्हा आपल्या किनाऱ्याकडे लक्ष गेलं. कॉड आपल्या समुद्रात नाही, पण मुशी आहे. कोणी मोरी म्हणतं, इंग्रजीत शार्क. तिचं यकृत मोठं आणि तेलाने भरलेलं. युद्धाच्या काळात मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इलाख्यात मुशीच्या यकृताचं तेल काढण्याचे उद्योग सुरू झाले. बडोद्याच्या अलेंबिक कंपनीचं ‘शार्कोफेरॉल’ हे टॉनिक तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. नावातच शार्क आहे आणि लोह आहे.

या तेलाची एक अडचण होती, आणि आजच्या विषयाला ती फार महत्त्वाची आहे. कॉडच्या तेलात ‘ड’ चांगलं असतं. मुशीच्या तेलात ‘अ’ भरपूर, पण ‘ड’ कमी. शिवाय मुशीची जात कोणती, आकार केवढा, यावर ‘अ’चं प्रमाण कितीतरी पटीने बदलतं. दिसायला तेल तेच, पण एका बाटलीतला चमचा दुसरीतल्या चमच्याच्या बरोबरीचा नाही. म्हणून प्रयोगशाळेत तपासणी करून, दुसरं तेल मिसळून त्याची ताकद ठरावीक पातळीवर आणावी लागे. ‘अ’ आणि ‘ड’ ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं. जास्त झाली की लघवीवाटे सहज निघून जात नाहीत, शरीरात साठतात आणि बाधतात. जे कमी पडलं तर माणूस आजारी पडतो, तेच जास्त झालं तरी आजारी पडतो. अर्ध्या ओंजळीच्या दुधात हा धोका नव्हता. बाटलीत आहे.

आता प्रश्न असा, की या बाटल्या ‘भेट’ कधी झाल्या? माझ्या मते याचं उत्तर आपल्या बंदरात आहे. कोकणातला कर्ता माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत, घरकामाला गेला. घर चालायचं ते मनीऑर्डरवर. टपालखात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. तिच्या कुपनावर चार ओळी लिहायची सोय असायची, त्यातच खुशाली आणि त्यातच सूचना. जैतापूर-मुसाकाजीला आगबोट लागायची, तिच्यातून चाकरमानी गाठोडं घेऊन उतरायचा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे भेटही बंद. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागल्यावर इथली बरीच माणसं आखातात गेली. मग गाठोड्याची बॅग झाली, बॅगेत खजूर आणि अत्तराबरोबर गोळ्यांचे डबे आले.

लांब राहणाऱ्याला औक्षण करता येत नाही, लाडू वळता येत नाहीत, रोज ‘जेवलात का’ विचारता येत नाही. त्या सगळ्याच्या बदल्यात तो बाटली पाठवतो. बाटलीला हसू नका, तिच्यात माया आहे. पण ओंजळीचं माप देणाऱ्याच्या हातात होतं, लाडवाचं माप करणारीच्या डोळ्यांत होतं, रसायनाचं माप वैद्याच्या तोंडी होतं. बाटलीचं माप कागदावर आहे, अगदी बारीक अक्षरात, आणि बहुतेक वेळा घेणाऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषेत.

कायद्यानेही हे माप सांभाळायचा प्रयत्न केलाय. १९४०चा औषध कायदा आहे, त्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. चमत्काराच्या जाहिरातींविरुद्ध १९५४चा कायदा आहे. २००६ साली अन्नसुरक्षा कायदा झाला आणि त्याखाली पूरक आहाराचे नियम २०१६ साली ठरले, ते २०१८पासून लागू झाले. त्यांनुसार डब्यावर लिहावं लागतं की हे औषध म्हणून वापरायचं नाही, सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घ्यायचं नाही, मुलांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. म्हणजे जी गोष्ट पूर्वी घरातलं माणूस सांगायचं, ती आता डबा सांगतो. भेट देणाऱ्याने ती वाचून, मराठीत समजावून सांगितली, तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम विचारण्याचं. वडील रक्त पातळ होण्याची वॉरफरिनसारखी गोळी घेत असतील, तर ‘के’ जीवनसत्त्व असलेला डबा त्या गोळीच्या विरुद्ध काम करतो. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनांची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेह असेल, तर च्यवनप्राशातली साखर मोजायला हवी. उलट मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना बी-१२ कमी पडू शकतं. तिथे आधी रक्ततपासणी करून द्यावी, तीच खरी भेट. लोहाच्या गोळ्या तर नातवंडांच्या हाताला लागतील अशा ठेवूच नका. लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं. आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल नाट्याला पाठवणं तर मला गंमतीचं वाटतं. बांगडा आणि तारली इथे उतरते, आणि ओमेगा-थ्री परदेशातून बाटलीत भरून यायचं! एक जूनला वाढदिवस असलेल्यांची मात्र पंचाईत आहे, कारण त्याच दिवशी मासेमारीची बंदी सुरू होते, ती जुलैअखेरपर्यंत. त्यांच्यासाठी सुका बांगडा आहेच. अर्थात रक्तदाब असेल तर त्यातलं मीठही बघायला हवं.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : म्हणजे अशी भेट देऊच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर : नाही, नाही. द्यावी. पण क्रम बदलावा. आधी फोन करून त्यांच्या चालू गोळ्यांची यादी घ्या. ती त्यांच्या डॉक्टरांना किंवा औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवा. गरज निघाली तर तेच आणा, मुदत बघून आणा, मोठा डबा नको, महिन्याभराचा आणा. डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवा : काय, किती, कधी, कशासाठी.

प्रश्न : आणि गरज नाही असं निघालं तर? रिकाम्या हाताने जायचं?

उत्तर : रिकाम्या कशाला? तीळ आहेत, गूळ आहे, नाचणी आहे, या मोसमातलं फळ आहे. सोबत बसून खा. दुसरी एक गोष्ट सांगतो, ती जरा नाजूक आहे. साठीच्या बाईला वाढदिवसाला सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या, तर तिला त्यात काळजी दिसेल, तसं ‘तू आता म्हातारी झालीस’ हेही ऐकू येईल. म्हणून गोळ्या असल्याच तर आदल्या आठवड्यात शांतपणे द्या. वाढदिवसाच्या दिवशी तिला आवडणारं काहीतरी द्या. साडी द्या, पुस्तक द्या, नाहीतर राजापूरला गंगा आली असेल तेव्हा तिला घेऊन जा. जाताना धोपेश्वरही वाटेत करता येईल.