सेवाग्रामची मातीची कुटी

‘साधी राहणी’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणें करतों. ऐपत नाहीं म्हणून पत्करलेलें राहणें आणि विचारपूर्वक स्वीकारलेलें राहणें यांतील भेद त्यांत बुडून जातो. तो भेद प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यानें वर्ध्याहून पांच मैलांवरील सेवाग्रामास जावें.

३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी तेथें आले, तेव्हां गांवाचें नांव सेगांव होतें. १९४० सालीं तें सेवाग्राम झालें. गांवची मालगुजारी जमनालाल बजाजांची. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या मीराबेन ही आधींच तेथें जाऊन राहिली होती. झोंपडीचा खर्च कांहीं झालें तरी शंभर रुपयांवर जाऊं नये, अशी गांधीजींची ताकीद होती. माती, बांबू, कवेलू हीं जवळपासचीं साधनें आणि गांवचेच हात, एवढ्यावर घर उभें राहावें, ही त्यामागील दृष्टि.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकास येथें थोरोची आठवण होणारच. त्यानें १८४५ सालीं अमेरिकेंतील वॉल्डन तळ्याकांठीं दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशी खोली स्वतःच्या हातांनीं बांधली आणि २८ डॉलर साडेबारा सेंट हा तिचा खर्च काटेकोरपणें नोंदून ठेवला. हिशेबाची निष्ठा दोघांची सारखी. पुढें मात्र वाटा फुटतात. थोरो सव्वादोन वर्षांच्या आंतच तेथून निघून गेला, आणि ती मूळ खोली आज उरलेली नाहीं. गांधीजींनाहि प्रथम एकटेंच राहावयाचें होतें. आश्रम काढण्याचा त्यांचा विचार नव्हता. परंतु माणसें येत गेलीं. आदिनिवासाच्या एकाच छपराखालीं कस्तुरबा, सहकारी व पाहुणे राहूं लागले. पुढें मीराबेननें स्वतःसाठीं बांधलेली झोंपडी गांधीजींकडे आली, तीच बापूकुटी. मीराबेननें मातींत उठविलेलीं झाडें व चरखा तिच्या भिंतीवर अद्याप दिसतात.

एकांत गेला, साधेपणा राहिला. व्हाइसरॉयशीं बोलण्याकरितां दूरध्वनि आला. जुलै १९४२ मध्यें काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यास भरली. भिंती मात्र मातीच्याच राहिल्या. २५ ऑगस्ट १९४६ रोजीं गांधीजी येथून गेले ते पुन्हां परतले नाहींत.

तरी कुटी उभी आहे. वर्ध्याचें ऊन आणि पाऊस मातीच्या भिंतीस सुखानें राहूं देत नाहींत. भेगा लिंपाव्या लागतात, जमीन शेणानें सारवावी लागते, कवेलू फेरावे लागतात. बांधणीचा खर्च एकदां होऊन जातो. ही मेहनत कोणाच्या तरी हातांना रोज मागते. पक्क्या घरांत राहून वर्गांत साधेपणावर व्याख्यानें देणाऱ्या माझ्यासारख्यास त्या सारवलेल्या जमिनीवर बसतांना संकोच वाटतो, आणि तो वाटावा हेंच योग्य.