सारवण

सारवण : मातीच्या जमिनीवर शेणाचा पातळ काला हाताने फिरवणे, या थरालाही सारवणच म्हणतात. चुलीला आणि भिंतीच्या पायाला काला लावायचे फडके ते पोतेरे, अंगणात शिंपडायचे शेणपाणी तो सडा. बोलण्यात सगळे मिळून ‘सडासारवण’.

ही चाल कोकण-गोव्यापासून विदर्भापर्यंत आहे, पण तिची खरी निकड माण, आटपाडी, सांगोला, जत अशा पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत कळते. तिथे वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिमीच्या आसपास. होळीनंतर वावटळी सुटतात आणि दारे कितीही लावली तरी फुफाटा घरात येतोच. त्यातून घर धाब्याचे असेल तर माळवदाची पांढरी माती वरूनही झरत राहते. जमीन मातीची म्हटल्यावर झाडणारी कुठवर झाडणार? केरसुणी रोज भुईचाच पापुद्रा उचलते. सारवणाने धूळ बाहेर जात नाही, जागच्या जागी बसते. कोरड्या मुलखात घर स्वच्छ ठेवायचे म्हणजे मुख्यतः हेच.

शेणात अर्धवट पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू असतात. ते मातीच्या कणांना धरून ठेवतात, म्हणून थर वाळताना फारसा तडकत नाही. कडबा खाणाऱ्या जनावराचे शेण घट्ट आणि तंतूदार, म्हणून सारवायला चांगले. पावसाळ्यात हिरव्या गवतावरचे शेण पातळ पडते, त्याला धर नसतो. शेण नेहमी ताजे घेतात. काडीकचरा, खडे निवडून ते पाण्यात हाताने कालवतात. भुई उखणली असेल तर त्यात पांढरी किंवा पोयट्याची माती घालतात. नवी भुई मात्र आधी मुरूम-माती टाकून, पाणी मारून, चोपण्याने ठोकून घ्यावी लागते. न चोपलेल्या जमिनीवर सारवण टिकत नाही, चार दिवसांत पोपडे निघतात.

सारवायला आधी भुई झाडून तिच्यावर पाणी शिंपडतात. मग बाई आतल्या कोपऱ्यात उकिडवी बसते, ओंजळभर काला पुढ्यात टाकते आणि तळहाताने डावीकडून उजवीकडे कमानीसारखा ओढते. एक कमान झाली की तिला लागून दुसरी. असे मागे सरकत दारापर्यंत यायचे, म्हणजे ओल्यावर पाऊल पडत नाही. हात सारखा फिरला की वाळल्यावर बोटांच्या रेघा माशाच्या खवल्यांसारख्या उमटतात. सारवणारीचा हात गावात त्यावरूनच ओळखला जाई. खोलीला बादलीभर पाणी पुष्कळ झाले. जिथे घागरीसाठी मैलभर चालायचे तिथे ही बाब मोठी होती. कोकणात जमीन काळीभोर दिसावी म्हणून काल्यात कोळशाची पूड घालत; पुढे काही घरांत विजेरीच्या संपलेल्या सेलमधली काळी भुकटीही आली. ती कशाची असते, हे विचारायचे कुणाला सुचले नसावे.

शेण जंतुनाशक असते, असे सरसकट सांगितले जाते. ते जपून घ्यावे. शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. म्हणून हाताला चीर असताना सारवू नये आणि तान्ह्या मुलाच्या नाळेला शेण कधीही लावू नये. सारवणाला पैसा लागत नाही हेही अर्धेच खरे. हे काम जवळजवळ सगळे बायकांनीच केले, त्यांच्या पाठीचा आणि गुडघ्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

जोडीची साधनेही आसपासचीच. घरात शिंदीच्या पानांची केरसुणी, अंगणात तुराट्यांचा किंवा काड्यांचा खराटा. केरसुणीला लक्ष्मी मानतात, तिला पाय लागू देत नाहीत आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी आणून पुजतात. गावोगाव रस्ते झाडत फिरणाऱ्या गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) हाती मात्र खराटा असे. भांड्यांना चुलीतली राख, तांब्या-पितळेला चिंच. कोरड्या राखेने घासून फडक्याने पुसलेल्या भांड्याला पाणी जवळजवळ लागतच नाही.

आधी शहाबादी फरशी, मग सिमेंटचा कोबा आणि टाइल आल्यावर सारवण मागे पडले. गोठ्यातली जनावरे कमी झाली हेही कारण. टाइलवरची धूळ कशालाच धरून नसते, केरसुणी लागताच उडते आणि घटकाभराने पुन्हा बसते. तिथे आधी ओले फडके घट्ट पिळून फिरवणे बरे. तरी फरशीच्या घरांतही अंगणातल्या चुलीला, तुळशीपुढच्या हातभर जागेला शेणाचा हात फिरतो. घरात कुणी गेले, तर प्रेत उचलल्यावर ती जागाही सारवतात.