दंडाची पावती: डहाणू-तलासरीत जपलेल्या कागदांचा इतिहास

१/ घर असो वा कचेरी, आवराआवर निघाली की पहिली गदा जुन्या कागदांवर येते. मात्र रद्दी कोणती आणि दस्तऐवज कोणता, हे ठरवायचे कोणी? डहाणू-तलासरीच्या वनपट्ट्यात कित्येक आदिवासी कुटुंबांची जमीन या एका प्रश्नावर अवलंबून राहिली. त्याचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ प्रथम कचेरीची बाजू पाहू. महाराष्ट्रातील शासकीय अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क-१’ १० वर्षांचा, ‘क’ ५ वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. मुदत भरली की कागद नष्ट करावयाचा.

३/ १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी आणि दप्तर शिस्तीत लावले. तो प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजला. मेजावरील कागदांसाठी ‘सहा गठ्ठे पद्धत’ही रूढ झाली. त्यातला एक गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांचा.

४/ आता घराची बाजू. १९४५ पूर्वी वारल्याच्या कर्जाचा आणि खंडाचा हिशेब सावकार-जमीनदाराच्या वहीत असे. त्यावर वारल्याचा असे तो केवळ अंगठा. २३ मे १९४५ रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीची प्रथा नाकारली गेली. वेठ गेली, तरी जमिनीचा कागद हाती आला नाही.

५/ अनेक कुटुंबे जंगलजमीन कसत राहिली. सरकारच्या लेखी ते अतिक्रमण होते. त्याबद्दल दंड होई आणि कधी त्याची पावती मिळे. खात्याच्या दृष्टीने ती गुन्ह्याची खूण; कसणाऱ्याच्या हाती मात्र त्या साली तो त्या जमिनीवर होता, याचा तोच एक लेखी पुरावा.

६/ १९७८ साली राज्य शासनाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरवले आणि या पावतीचे मोल पालटले. ज्याचे नाव सरकारी दप्तरात होते, त्याचा दावा टिकण्यासारखा होता. ज्याला पावती मिळालीच नाही, किंवा ज्याची पावती पावसात भिजून गेली, तो पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही वगळला जाण्याची भीती होती. दंड भरलेला मनुष्य त्यामानाने सुदैवी ठरला.

७/ डहाणू परिसरात काम करणाऱ्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९५ मध्ये न्यायालयाने दाव्यांची पडताळणी करताना कागदाव्यतिरिक्त अन्य पुरावाही विचारात घेण्याचे निर्देश दिले. कागद हरवला म्हणून हक्क हरवत नाही, या भूमिकेला त्यामुळे बळ मिळाले.

८/ पुढे वनहक्क कायदा २००६ आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवरील हक्क, कमाल ४ हेक्टरपर्यंत, मान्य करण्याची त्यात तरतूद आहे. २००८ च्या नियमांनी पुराव्यांची यादी विस्तारली: शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, न्यायालयीन कागद, शेताचे बांध, घर, झोपडी आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन. दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो.

९/ कचेरी कागदाचे आयुष्य तिच्या कामापुरते मोजते आणि तिच्या परीने ते योग्यच असते. घराचे काम मात्र पिढ्यांचे असते. मुदत संपलेली शिधापत्रिका धान्य देत नाही. पण कुटुंब कोणत्या साली कोठे राहत होते, हे ती सांगू शकते. म्हणून घर आवरताना घरपट्टी, दंड, शिधा आणि मतदार नोंदीचे जुने कागद वेगळे काढून कोरड्या पेटीत ठेवावेत, आणि कोणताही कागद टाकण्यापूर्वी त्यावरचे नाव, गाव आणि साल वाचावे.