नोंदवहीतील गाव नकाशावर शोधताना

धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बालकाचे नाव, मातापित्यांची नावे, धर्मपिता व धर्ममाता यांची नावे आणि त्यांच्या सोबतीला एखाद्या गावाचे नाव असते. जुन्या पानांवर ते गाव बहुधा एका शब्दात उरकलेले आढळते. तालुका नाही, जिल्हा नाही. पुणे, नागपूर किंवा मुंबईत स्थायिक झालेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला पूर्वजांच्या भूमीशी जोडणारा पुष्कळदा तेवढाच धागा उरलेला असतो. तो हाती धरून मागे जावयाचे तर नोंदवहीच्या जोडीला दुसरे एक साधन लागते. ते म्हणजे जुना नकाशा.

मराठीत कुलवृत्तांत लिहिण्याची परंपरा प्रतिष्ठित आहे. ज्यांच्या घरी वतनाच्या सनदा, इनामपत्रे आणि पिढ्यापिढ्यांचा पत्रव्यवहार जपला गेला, त्यांना आपली वंशावळ बांधणे तुलनेने सोपे गेले. आपल्यापैकी अनेक कुटुंबांपाशी असे दप्तर नाही. कोणी शेतमजूर, कोणी दुष्काळात गाव सोडलेला, कोणी रुईच्या कारखान्यात हमाली करणारा. म्हणून आपल्याला इतिहासच नाही, असा समज इतरांचा होतो आणि हळूहळू आपलाही होतो. हा समज खोटा आहे. कागद आपल्या घरात नसले, तरी आपल्या पूर्वजांच्या पायाखालची जमीन कोणीतरी मोजली होती, कागदावर काढली होती आणि ते कागद आजही पाहावयास मिळतात. बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणावरून ते कसे वाचावेत, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

या जिल्ह्याचा पहिला धडा असा की, ज्या वर्षाची नोंद त्या वर्षाचा नकाशा. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव (जामोद) हे दोन तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्यास जोडण्यात आले. त्यापूर्वी बुलढाणा जिल्हा म्हणजे चिखली, मेहकर आणि मलकापूर एवढे तीनच तालुके. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा सारा प्रदेश मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आज जिल्ह्यात तेरा तालुके आहेत.

शोध घेणाऱ्याला हा तपशील कोरडा वाटेल, परंतु सारी वाट त्यावरच अवलंबून असते. खामगावच्या परिसरातील १८९० सालचा कागद हवा असेल, तर त्यावर जिल्हा म्हणून अकोल्याचे नाव असणार. देऊळगाव राजा त्या काळी चिखली तालुक्यात होते आणि सिंदखेड मेहकर तालुक्यात. दक्षिणेला शीव ओलांडली की निजामाचे राज्य लागे. आजचा जालना जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि तेथील जुने दप्तर उर्दूत, फसली सनात लिहिलेले. तेथील फसली सनात ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन येतो. आपल्या धर्मप्रांतांच्या सीमाही अशाच सरकल्या. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. त्यातून १९५५ मध्ये अमरावती आणि अमरावतीतून १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा निघाला. तेव्हा शिवेलगतच्या कुटुंबाची एका भावाची नोंद एका धर्मप्रांतात आणि दुसऱ्याची दुसऱ्या, असे घडले तर नवल नाही.

आता प्रत्यक्ष नकाशांकडे वळू. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंचास एक मैल या प्रमाणाचे नकाशे हे या शोधाचे मुख्य साधन होय. दशमान पद्धत आल्यावर त्यांची जागा १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांनी घेतली. त्यांचे क्रमांक अक्षांश-रेखांशांवर बेतलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, नांदुरा, खामगाव आणि शेगाव ही सारी गावे ५५ डी या पत्रकात येतात. जळगाव जामोदसाठी उत्तरेचे ५५ सी आणि लोणार व सिंदखेड राजा यांसाठी दक्षिणेचे ५६ ए पाहावे लागते. प्रत्येक पत्रकाचे पुन्हा सोळा भाग केलेले असतात. नकाशा हाती येताच प्रथम समासातील मजकूर वाचावा. तेथे पाहणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष अशी दोन वर्षे आढळतात. आपल्याला पाहणीचे वर्ष महत्त्वाचे; कारण गाव जसे दिसले ते त्या वर्षी, छापले गेले ते पुढे केव्हातरी. खुणांच्या सूचीत विहीर, मंदिर, मशीद, चर्च, थडगी, गाडीवाट अशा साऱ्यांची चिन्हे दिलेली असतात.

नकाशाचा खरा उपयोग संदिग्ध नावाच्या वेळी कळतो. समजा, नोंदवहीत केवळ 'देऊळगाव' असे लिहिले आहे. या एका जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे, देऊळगाव मही आहे, मेहकर तालुक्यात देऊळगाव साकर्शा आणि देऊळगाव माळी आहे, लोणार तालुक्यात देऊळगाव कुंडपाळ आहे. पिंपळगाव म्हणावे तर पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे, पिंपळगाव देवी, पिंपळगाव सराई. यांतले आपले कोणते? अशा वेळी त्या नोंदीतील इतर नावांकडे पाहावे. धर्मपिता कोणत्या गावचा? पाठच्या भावंडांच्या नोंदींत कोणती गावे येतात? ती सारी गावे नकाशावर पेन्सिलीने टिपावीत. सुलतानपूर आणि लोणार अशी नावे येत असतील, तर देऊळगाव कुंडपाळकडे लक्ष जाते. जानेफळचे नाव वारंवार येत असेल, तर देऊळगाव साकर्शाची शक्यता वाढते. माणसे चालत किंवा बैलगाडीने जात. सोयरीक आणि धर्मनाते बहुधा त्याच टापूत जुळे. टिपलेल्या ठिपक्यांचा पुंजका जेथे दाट, तेथे आपले गाव असण्याचा संभव अधिक. हा पुरावा नव्हे, पण पुढचा शोध कोठे घ्यावा याची ती विश्वासार्ह दिशा होय.

नोंदवहीचाच आणखी एक लाभ येथे सांगितला पाहिजे. विवाह व स्नानसंस्कार यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये घालून दिला. १९०८ पासून विवाहाची टीप वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी करण्याचाही नियम आला. त्यामुळे जन्मगावाच्या पानाच्या समासात पुढे विवाह कोठे झाला त्या धर्मग्रामाचे नाव मिळू शकते. म्हणजे एकाच पानावर प्रवासाची दोन टोके! त्यांच्या मधली वाट दाखविण्याचे काम नकाशा करतो.

ती वाट पुष्कळदा लोहमार्गाची असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके त्याच मार्गावरची. खामगावच्या कापसाच्या बाजारपेठेसाठी जलंबपासून सुमारे आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट पयनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगरांवरचा वरघाट, असे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. लोहमार्ग खालून गेला. घाटावरची माणसे कामासाठी घाट उतरून खाली येऊ लागली. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पडले. तेव्हाच्या तीन तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ४ लाख ८१ हजार होती, ती १९०१ च्या शिरगणतीत सुमारे ४ लाख २३ हजारांवर आली. किती मेले आणि किती परागंदा झाले, हे त्या आकड्यात वेगळे दिसत नाही. परंतु ज्या कुटुंबात 'आजोबा छप्पन्नच्या दुष्काळात आले' एवढीच आठवण उरली आहे, त्यांनी शके-संवताचा घोळ न घालता हे ध्यानी घ्यावे की विक्रम संवत १९५६ म्हणजेच इसवी सन १८९९-१९००. जुन्या नकाशावर घाटाखालच्या वाटा पाहिल्या की ते 'आले' कोठून असतील, याचा अंदाज बांधता येतो.

गाव निश्चित झाले की अधिक जवळून पाहावयाचे. त्यासाठी गावनकाशा. वऱ्हाडात १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतवार मोजणी सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, एक साखळी लांब-रुंद तो गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आपल्या बोलीत आजही जिवंत असलेली ही मापे त्या मोजणीत रुळली. गावनकाशात प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर, नाले, पांदण आणि गावठाण दाखविलेले असते. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पुढे जेथे एकत्रीकरण योजना झाली, तेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट क्रमांक आले. म्हणून जुना नंबर घेऊन आजच्या नकाशात शोधू नये. दोन्ही क्रमांकांचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मागावा. तेथील जुने कागद मोडी लिपीत असले, तर वाचणारा सोबत न्यावा. आजचे गावनकाशे शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, परंतु ते आजचे असतात, हे विसरू नये.

काही गावे आजच्या नकाशात मुळीच सापडत नाहीत. महसुली भाषेत त्यांना बेचिराग म्हणतात. जेथे दिवा लागत नाही ते बेचिराग. रोगराई, दुष्काळ किंवा पाण्याचे दुर्भिक्ष यांमुळे वस्ती उठून गेली, तरी गावाची शीव आणि नाव दप्तरात टिकून राहते. सर्वेक्षणाच्या नकाशात उजाड गावासाठी वेगळी खूण आहे. दुसरा प्रकार धरणांचा. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर झालेल्या जलाशयाला त्याच तालुक्यात मेहुणा राजा येथे जन्मलेल्या संत चोखामेळ्यांच्या स्मरणार्थ संत चोखासागर असे नाव दिले आहे. त्याच्या पाण्याखाली गेलेली शिवारे, आणि नांदुरा तालुक्यात पूर्णेवरील जिगाव प्रकल्पामुळे स्थलांतरित होणारी गावे, पुढच्या पिढ्यांना केवळ जुन्या नकाशातच पाहावयास मिळतील. पुनर्वसित गावाला जुनेच नाव दिले जाते, पण जागा वेगळी असते. पूर्वजांची दफनभूमी शोधणाऱ्याने हा भेद विसरून चालणार नाही.

येथवर नकाशाचे गुण गायिले. त्याचे मौनही ओळखले पाहिजे. मोजणी झाली ती सारा बसविण्यासाठी. लोहमार्गाचा फाटा आला तो कापूस नेण्यासाठी. ज्याच्या नावे सारा नाही, त्याचे नाव शेताच्या पुस्तकात नाही. भूमिहीन मजुराचे घर गावठाणाच्या एका सलग ठिपक्यात विरघळून जाते. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या ठिपक्यातच राहिले. म्हणून नकाशावर थांबू नये. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवी आणि ती कोतवाल बुके तहसिलीच्या अभिलेख कक्षात अनेक ठिकाणी जपलेली आहेत. जन्मायला आणि मरायला सातबारा लागत नाही. म्हणून भूमिहीनाचे नावही तेथे मिळू शकते. गावाचे नाव नकाशाने द्यावे, माणसाचे नाव कोतवाल बुकाने द्यावे, आणि नाते चर्चच्या नोंदवहीने जुळवावे, अशी ही त्रिविध साक्ष आहे. तिघांपैकी एकावर विसंबणारा फसण्याची शक्यता मोठी.

या शोधात हाती येणारे सारेच सुखद असेल असे नाही. कोतवाल बुकात जातीचा उल्लेख असतो. घराण्याची म्हणून ऐकलेली थोरवी कागदावर दिसत नाही. एखादे लेकरू दुष्काळात सोडून द्यावे लागल्याचे उघड होते. अशा वेळी पान मिटून घेण्याचा मोह होतो. परंतु मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार आणि रहाब यांची नावे वगळली नाहीत, याची आपणांस आठवण असावी. तसेच, जुन्या नकाशात आजोबांचे शेत ओळखता आले म्हणून त्यावर आज हक्क सांगता येत नाही. नकाशा मालकी देत नाही. तो देतो ते निराळे आहे. 'तुमचे मूळ गाव कोणते?' या प्रश्नापुढे ओशाळून गप्प बसणाऱ्या मुलाला तो सांगतो की तुझेही एक गाव होते. त्याला शीव होती, विहीर होती, घाटाकडे जाणारी वाट होती, आणि तुझी माणसे त्या वाटेने चालत आली.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा धर्मग्रामाने मिळून करावे. एक नकाशा भिंतीवर लावावा. प्रत्येक कुटुंबाने आपले गाव त्यावर टिपावे. वयोवृद्धांना नावे विचारावीत, आणि नावे आठवत नसतील तर नद्या, जत्रा व आठवडी बाजार विचारावेत. कारण गाव विसरलेल्या माणसाला बाजाराचा वार आठवतो. आणि आज आपल्या लेकराचा स्नानसंस्कार नोंदविताना गाव, तालुका, जिल्हा संपूर्ण लिहून घेण्याचा आग्रह धरावा. शंभर वर्षांनी कोणीतरी ते पान उघडील, आणि त्याला पाच देऊळगावांतून एक निवडण्याची वेळ येऊ नये.